हॉलंडहून निघालेला भूगोल

१ ऑगस्ट १९७९, बुधवार. दुपारी साडेबारा.

आज सकाळी साडेसातला अंघोळ करून पारायणाला बसलो. तिसरा दिवस. या आठवड्यात सेकंड शिफ्ट, त्यामुळे सकाळ सगळी देवाची. मालन पंचमीसाठी माहेरी निफाडला गेली आहे, रविवारी येईल. घरात शांतता. पारायण चालू असताना कोणाशी बोलायचे नाही, आसन सोडायचे नाही, पोथीवरून नजर काढायची नाही, असा माझा नेम. दार मात्र उघडे ठेवतो. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कानावर दोन ओव्या पडल्या तर पडाव्यात.

अडचण एकच. कोपऱ्यातली फरशी खचली आहे, त्यामुळे पोथीचा चौरंग हलतो. सोमवारपासून डाव्या गुडघ्याने दाबून वाचतो आहे. गुडघा सुजला.

अकराच्या सुमारास बहिरू पोस्टमन आला. सायकलची घंटा, मग साहेब, साहेब. मी ओवी सोडली नाही. हाताने खूण केली की ठेव आणि जा. खूण खिडकीच्या कट्ट्याकडे होती. तो वहाणा काढून आत आला, चौरंगापाशी पार खाली वाकला, कपाळाला हात लावला आणि गेला. पेठकडचा साधा माणूस, पण कसा वाकला. मला भरून आले. तरी मान वर केली नाही.

वाचन संपल्यावर कट्टा पाहिला. काही नव्हते. म्हणजे नुसता दर्शनाला आला होता.

नोंद घेण्यासारखी गोष्ट: अकराव्या अध्यायापासून चौरंग हलायचा थांबला. आपोआप.

५ ऑगस्ट, रविवार.

समाप्ती. चौरंग शेवटपर्यंत तसूभर हलला नाही. मी अंथरलेले वस्त्र न उचलता चहूबाजूंनी बोटाने दाबून पाहिला. फरशी खचलेलीच आहे, चौरंग तोच आहे, तरी स्थिर. यावर जास्त बोलू नये असे ठरवले.

शेजारच्या लताबाई प्रसादाला आल्या होत्या. त्यांना सांगितले.

पोथी लाल वस्त्रात बांधून चौरंगावरच ठेवली. चौरंगावर अंथरलेल्या वस्त्राच्या झालरी जमिनीला टेकतात, छान दिसते. संकल्प: पुढच्या श्रावणापर्यंत चौरंग हलवायचा नाही. मालन म्हणाली, आन् खालची फरशी कोन पुसनार? मी म्हणालो, काही जागा आपण पुसायच्या नसतात. ती म्हणाली, मुंग्या झाल्या की मंग बघू.

१२ सप्टेंबर, बुधवार.

हॉलंडहून विलेममास्तरांचे पत्र. विचारतात, भूगोल पोचला का? वीस एप्रिलला साध्या बुकपोस्टाने, बोटीने पाठवला आहे.

पोचला नाही.

विलेममास्तर रिटायर्ड शाळामास्तर आहेत आणि जगातल्या सगळ्या भाषांची जुनी क्रमिक पुस्तके जमवतात. मीही जमवतो, फक्त मराठी. माझ्याकडे एक्केचाळीस आहेत, सगळी रद्दीवाल्यांकडची आणि जत्रांतली. मागच्या वर्षी मी त्यांना मोडी लिपीचे एक पुस्तक पाठवले, ते पोचले. बदल्यात ते मला आमच्या नाशिक जिल्ह्याचा शाळेसाठी छापलेला भूगोल देणार होते. शिळाप्रेस, शंभर वर्षांपूर्वीचा. त्यांना तो परदेशातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाला. आत घडीचा नकाशा आहे आणि नकाशात आमचे गाव आहे.

चौथीत असताना आमच्या मास्तरांकडे हेच पुस्तक होते. पाठीमागची पाने गेलेली. पावसाळ्यात एकदा मास्तरांनी नकाशा उघडला, माझे बोट धरून गावाच्या नावावर ठेवले आणि म्हणाले, बघ, आपण छापलेले आहोत. पुढच्या वर्षी ते पुस्तक वाळवीने खाल्ले. त्याला एकोणचाळीस वर्षे झाली. ते बोट अजून मला आठवते. विलेममास्तरांनाही हे लिहिले होते.

घाबरण्याचे कारण नाही. बोटीचे टपाल आहे, उशीर होतो.

१ ऑक्टोबर, सोमवार.

आले नाही. संकल्प: कोणावरही संशय घ्यायचा नाही. संशयाने मन गढूळ होते.

३ ऑक्टोबर, बुधवार.

संशय बहिरूवर आहे.

शांतपणे विचार केला. बोट मुंबईला आली असणार. तिथून नाशिक, नाशिकहून सातपूर. सातपूरपासून आमच्या दारापर्यंत पुस्तक एकाच माणसाच्या पिशवीत असते. चौदा वर्षे कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली आहेत. माल कुठून कुठे जातो आणि कुठे गळतो हे मला कोणी शिकवायला नको. माझ्या स्टोअरमधून आजवर एक वॉशर हरवलेला नाही. कोणती वस्तू कुठे आहे हे मी डोळे मिटून सांगतो.

आणि त्या दिवशी तो इतका का वाकला? मनात काही नसलेला माणूस इतका वाकत नाही.

मालनला सांगितले. ती म्हणाली, त्याला सरळ इचारा ना, तोंड हाय ना तुम्हाला? मी समजावले की सरळ विचारले की माणूस सावध होतो. ती म्हणाली, आन् नाय इचारलं की? मी म्हणालो, तपासाची पद्धत असते.

२२ ऑक्टोबर, सोमवार. दिवाळी.

बहिरू दिवाळीची पोस्त मागायला आला. चिवडा दिला, लाडू दिला आणि चेहऱ्यावर नजर ठेवली. दोन लाडू खाल्ले. तिसरा मुलीसाठी रुमालात बांधला. चेहऱ्यावर काही नाही. मुरलेला आहे.

जाताना हसून विचारतो, साहेब, चौरंग आता हलत नाही ना?

मी चकित झालो. म्हणजे चौरंगाची वार्ता पोस्टापर्यंत गेली. म्हणालो, नाही, कृपा आहे. तो म्हणाला, कृपा कसली साहेब, तेवढं तर करायलाच पाहिजे, आणि लाजून सायकलवर बसला. त्याला काय म्हणायचे होते कळले नाही. बहुधा नामस्मरणाबद्दल बोलत असावा.

तेवढ्यापुरता संशय थोडा कमी झाला. संध्याकाळी पुन्हा वाढला.

१४ नोव्हेंबर, बुधवार.

सापळा लावला. सोमवारी त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. दर्शन झाल्यावर तिथल्या पोस्टातून माझ्याच नावावर एक जुने पंचांग बुकपोस्टाने पाठवले. सुतळी मुद्दाम सैल बांधली.

आज बहिरूने ते आणून हातात दिले. वर म्हणाला, साहेब, सुतळी सुटत होती, मी गाठ मारली.

निष्कर्ष: तो फक्त परदेशी टपाल घेतो.

१ जानेवारी १९८०, मंगळवार.

नव्या वर्षाचे संकल्प.
पहाटे पाचला उठणे.
दर सोमवारी दुपारपर्यंत मौन.
चौरंगाच्या गोष्टीचा अभिमान न बाळगणे. (लताबाईंनी कॉलनीभर सांगितले आहे. गुरुवारी पाचसहा बायका फुले घेऊन येतात. मी काही बोलावत नाही. फक्त कोणी विचारले तर खचलेली फरशी दाखवतो.)
पुस्तकाच्या बाबतीत निर्भय होणे.

मौनाचे मालनला सांगितले. म्हणाली, बरं झालं.

२ जानेवारी, बुधवार. सकाळी आठ.

पाचला जाग आली होती. थंडी फार.

१८ मार्च, मंगळवार.

मी विलेममास्तरांना जानेवारीत जरा कडक पत्र लिहिले होते. इंग्रजी आमच्या ऑफिसातल्या भिकन टायपिस्टने केले. त्याने दोनदा विचारले, भाऊ, हे वाक्य ठेवायचंच का? त्यात मी विचारले होते की आपण पुस्तक खरेच पाठवले ना, याची खात्री करावी. मी ठेवायला लावले.

आज उत्तर आले. भिकनने वाचून दाखवले. मास्तर रागावलेले नाहीत. लिहितात, तीस वर्षांत त्यांची अकरा पुस्तके जगाच्या टपालात हरवली. त्यांतली सात नंतर त्यांच्याच घरात सापडली. बायकोला सापडतात. पुढे लिहितात, पोस्टमनला दोष देऊ नका, तो पायी चालतो आणि आपण बसून वाट पाहतो. भूगोल तुमच्याकडे आला नाही याचे वाईट वाटते, कारण तुमचे बोट जिथे ठेवले होते ती जागा मी रोज उघडून पाहत असे.

सज्जन माणूस. पण अव्यवस्थित. सात पुस्तके स्वतःच्या घरात हरवतात म्हणजे काय? भिकन म्हणाला, भाऊ, तुम्ही एकदा घरात बघितलं का? मी त्याला माझे स्टोअर दाखवले.

७ एप्रिल, सोमवार.

मौन. तक्रार लिहायला घेतली. कोणाचे नाव घालायचे नाही असे ठरवले आहे. फक्त वस्तुस्थिती.

१० एप्रिल, गुरुवार.

तक्रार झाली. चार पाने. नाशिकच्या मोठ्या पोस्टातल्या साहेबांना रजिस्टरने पाठवली. नाव घातले. नाव नसले तर वस्तुस्थिती नीट कळत नाही. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवावे अशी विनंती शेवटी केली आहे.

रजिस्टर सातपूरच्या पोस्टात टाकले नाही, शहरात जाऊन टाकले. मालन म्हणाली, चार पानं लिवण्यापरीस चार शब्द बोलले असते. ती शाळेत दुसरीपर्यंतच गेली आहे.

आज मन हलके आहे. पोथीला जास्वंद वाहिली. चौरंग दाबून पाहिला. स्थिर.

२७ मे, मंगळवार.

बहिरू आठ दिवस दिसला नाही. एक नवा पोस्टमन येतो, फाटकावरून टपाल फेकतो. लाइटचे बिल आळूत पडले होते.

लताबाईंनी सांगितले, बहिरूला बाहेरच्या कामावरून काढून आत पत्रे लावायला बसवले आहे. कोणीतरी वरती लिहून दिले. त्याची पेठला बदली झाली होती, आई एकटी असते म्हणून तीन वर्षे मागत होता. ती बदली चौकशी संपेपर्यंत थांबवली. लताबाई म्हणाल्या, ज्यानं लिहिलं त्याचं भलं होणार नाही. मी म्हणालो, कोणाचे वाईट चिंतू नये.

जेवण गेले नाही. उकाडा फार आहे.

९ जून, सोमवार. रात्री उशिरा.

सकाळी दहाला बहिरू घरी आला होता. हातात नारळ. चौरंगापुढे ठेवला, पाया पडला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, साहेब, कोणीतरी लिहिलंय की मी बाहेरदेशचं टपाल खातो. नाव सांगत नाहीत, काय टपाल तेही सांगत नाहीत. तुम्हाला तर बाहेरदेशचं येतं. तुम्हीच सांगा, माझ्या हातून तुमचं कधी काही हुकलं का? एवढं साहेबाला लिहून द्या. म्हातारी रोज एसटी बघायला जाते.

सुदैवाने आज सोमवार होता. मी ओठांवर बोट ठेवून मौन असल्याची खूण केली.

तो म्हणाला, हां हां, तुमचा नेम मोडू नका, आणि गेला. मालन आतून सगळे ऐकत होती. बाहेर आली, नारळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि परत आत गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिचे मौन कोणत्या वाराचे ते कळले नाही.

दुपारी बारानंतर त्याच्या घरी जाऊन यायचा विचार होता. पण शिफ्टची बस बाराचाळीसची असते.

१० ऑगस्ट, रविवार.

उद्यापासून श्रावण. पारायण अठराला. संकल्प पूर्ण झाला म्हणून आज चौरंग विधिपूर्वक हलवायचे ठरवले. मी पोथी डोक्यावर घेतली, मालनने चौरंग उचलला.

खाली पाकीट होते.

खाकी कागद, हॉलंडची तिकिटे, माझे नाव इंग्रजीत. खचलेल्या फरशीवर, चौरंगाच्या डाव्या पायाखाली बरोबर बसलेले. मागच्या बाजूला सातपूरचा शिक्का: ३१-७-७९. म्हणजे एक ऑगस्टला वाटायला निघाले. तिसरा दिवस. अकरावा अध्याय.

मी पोथी डोक्यावर घेऊन तसाच उभा होतो. मालन हसली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, पोथी खाली ठेवा आता.

कुठे ठेवणार? चौरंग तिच्या हातात होता.

रात्री.

पाकीट उघडले. भूगोल आहे. पायाचा चौकोनी ठसा पुठ्ठ्यातून थेट घडीच्या नकाशापर्यंत उतरला आहे. येवल्याला खड्डा पडला. आमचे गाव वाचले. बोट ठेवून पाहिले. बोट आता जाड झाले आहे, गाव त्याखाली झाकून जाते.

चाळीस वर्षे वाट पाहिली त्यांतले शेवटचे एक वर्ष मी त्याची रोज पूजा करत होतो. आनंद व्हायला हवा होता.

संकल्प: उद्या पोस्टात जाऊन सांगायचे.

११ ऑगस्ट, सोमवार.

मौन.

१२ ऑगस्ट, मंगळवार.

जरा विचार केला. बोटीच्या टपालाला उशीर होतोच. पुस्तक आजच आले असे लिहून दिले तर बहिरू सुटतो, माझीही अडचण राहत नाही. खोटे असे नाही, मला ते परवाच मिळाले. मसुदा केला, दीड पान.

मग शिक्का आठवला. आणि नव्या पोस्टमनने दिले असे लिहिले तर त्याला विचारतील.

मालनने मसुदा पाहिला. अक्षरे लावत लावत वाचला, वेळ लागला. म्हणाली, हे पोथीम्होरं बसून लिवलं का? मी म्हणालो, टेबलावर. ती म्हणाली, मंग ठीक हाय, आणि कागद चुलीत घातला.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

बायका फुले घेऊन आल्या. चौरंग हलत होता. लताबाईंनी तीनदा दाबून पाहिला. म्हणाल्या, भाऊ, कोणाची दृष्ट लागली का? मी म्हणालो, असेल. सांगायचे तोंडावर आले होते, पण सहा बायका होत्या. एक असती तर सांगितले असते.

आज पोस्टात जायचे राहिले. उद्या पंधरा ऑगस्ट, सुटी. शनिवारी नक्की. चार पानांचे निवेदन मनात तयार आहे. माणूस, श्रद्धा आणि भ्रम यांवर सुरुवातीला थोडे लिहीन.

१६ ऑगस्ट १९८०, शनिवार. संध्याकाळी सहा.

मालन बरोबर आली. मी नको म्हणालो होतो. ती म्हणाली, तुम्हाला वाटेत मौन लागायचं.

पोस्टातले साहेब तरुण होते. पुस्तक, पाकीट, शिक्का समोर ठेवला. त्यांनी विचारले, सापडले कुठे? चौरंगाच्या पायाखाली, म्हणालो. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवून विचारले, कोणत्या पायाच्या? त्यांना का हवे होते माहीत नाही. डाव्या, मी सांगितले. तिथे कोणी हसले नाही, पण पत्रांवर शिक्के मारायचा आवाज सगळ्या खोलीत बंद झाला होता.

बहिरू आतच होता. बोलावल्यावर आला. पाकीट पाहून त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, हे होय, हे तर मी पारायणात दिलं. साहेब चौरंग गुडघ्यानं दाबत होते आणि मला हातानं खाली, खाली दाखवत होते. मला वाटलं, पायाखाली सारायला सांगतात. पुस्तक पायाखाली घालायचं म्हणून जिवावर आलं, आधी त्याला कपाळ लावलं, माफी मागितली, मग सारलं. म्हटलं, दुपारी साहेब काढून घेतील.

म्हणजे तो पोथीपुढे वाकला नव्हता. पुस्तकाची माफी मागत होता. मी त्या दिवशी समोर बसून अकरावा अध्याय वाचत होतो.

मी हात जोडले. म्हणालो, बहिरू, ते मी लिहिले होते. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मालनकडे बघून म्हणाला, वहिनी, नारळ घेऊन आलो त्या सोमवारीही साहेबांना माहीत होतं? मालन म्हणाली, हो.  तो म्हणाला, मग विचारायचं ना साहेब, आणि जाऊन पुन्हा पत्रे लावायला बसला. मी चार पाने मनात तयार ठेवली होती. त्यांतले एकही वाक्य तिथे बसत नव्हते.

साहेब म्हणाले, पेठच्या बदलीचा कागद सोमवारी सोडतो.

मग त्यांनी तक्रार मागे घेण्याचा फॉर्म दिला. कारण लिहायला एकच ओळ होती. लिहिले: पुस्तक घरीच होते. सही केली आणि सवयीने सहीखाली हुद्दाही लिहिला. स्टोअरकीपर.